छातीत कधी दुखलं नाही, मग अँजिओग्राफी कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून २५ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) तिची आई ४७ वर्षांची. लहानपणी आईचे सांधे सुजायचे, ताप यायचा. काही वर्षं इंजेक्शनं घेतली, लग्नानंतर ती बंद झाली. पस्तिशीत पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं, पण त्यातून ती लगेच उठून कामाला लागली. पहाटे उठून मिश्री लावायची, चूल पेटवायची, मग शेतावर, असा तिचा क्रम. मामा ४९ व्या वर्षी रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, तेव्हापासून ती खचली असं घरच्यांना वाटायचं. गेली दोन वर्षं तिला धाप लागते, रात्री उशा रचून झोपावं लागतं. टूडी इकोत मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन खोल्यांमधली) आकसल्याचं निघालं. झडप फार कडक झाल्याने फुगा घालून उघडता येणार नाही, बदलावीच लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. ऑपरेशनची तारीख देण्याआधी अँजिओग्राफी (बारीक नळी, म्हणजे 'तार' घालून हृदयाच्या धमन्यांतला अडथळा बघायची तपासणी) करा, असं सांगितलं आणि घर तिथेच अडलं. थोरला भाऊ म्हणतो, ना शुगर, ना बीपी, ना व्यसन, छातीत कधी दुखलं नाही, इकोत ब्लॉकेज दिसलं नाही, आणि छाती उघडणारच आहेत तर तेव्हाच बघतील की. आई म्हणते, माझ्यापायी एवढा खर्च नको. लेकीचा प्रश्न: अँजिओग्राफीला नाही म्हटलं तर काय बिघडेल?

उत्तर:

तुला 'तू' म्हणते. माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही तू लहान आहेस.

आधी तुझ्या दादाबद्दल. तो आडमुठा आहे असं मला पत्र वाचून वाटलं नाही. ज्या घरात एका ऑपरेशनसाठी म्हैस विकायचा विचार करावा लागतो, तिथे 'ही तपासणी कशासाठी?' हे विचारणारं कुणीतरी हवंच. त्याने विचारलेले प्रश्न मी ओपीडीत शेकडो वेळा ऐकलेत, शिकलेल्या लोकांच्या तोंडूनही. फक्त त्यांची उत्तरं तो धरून चाललाय तशी नाहीत.

सोपा प्रश्न आधी घेऊ. इकोत ब्लॉकेज दिसलं नाही, कारण इको ते बघतच नाही. टूडी इको म्हणजे हृदयाच्या खोल्या, त्यांची दारं आणि भिंतींची हालचाल. दारं म्हणजे झडपा. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या ज्या करोनरी धमन्या असतात, त्या हृदयाच्या पाठीपोटावरून वेलीसारख्या पसरलेल्या असतात, दोन-चार मिलिमीटर जाडीच्या. त्यांच्या आतला अडथळा इकोत दिसत नाही. झटका येऊन स्नायूचा एखादा भाग निकामी झाला असेल तर त्या भिंतीची हालचाल मंदावलेली दिसते, पण ते झालं घडून गेल्यानंतरचं.

'छाती उघडल्यावर बघतील' हेही तसंच. शेतातली पाइपलाइन कुठे चोंदलीय ते पाइपावर हात फिरवून कळतं का? सर्जनला धमनी बाहेरून दिसते, फार चुना (कॅल्शियम) साचला असेल तर बोटाला टणक लागते, पण आतली वाट किती उरलीय ते कळत नाही. शिवाय त्या वेळी कळून उपयोग काय? बायपाससाठी, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून द्यायला, पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी काढून तयार ठेवावी लागते. ते ऑपरेशन लांबतं, रक्ताच्या बाटल्या जास्त लागतात, माणसं लागतात. ऐन वेळी ठरवण्याची ही गोष्ट नव्हे.

आता तुझा खरा प्रश्न, नाही म्हटलं तर काय बिघडेल. झडप बदलताना हृदय थांबवावं लागतं. रक्ताभिसरण मशीनवर घेतात आणि पोटॅशियम असलेलं एक गार द्रावण करोनरी धमन्यांतूनच हृदयाच्या स्नायूत सोडतात. हृदय शांत होतं आणि तासदोन तास रक्तावाचून तग धरू शकतं. एखादी मोठी धमनी आतून बंद असेल, तर तिच्या पुढच्या स्नायूपर्यंत ते द्रावण नीट पोचत नाही. झडप सुंदर बसते, पण मशीन काढताना हृदय जोर धरत नाही. सर्जनला आधी माहीत असेल तर तो उलट्या बाजूने, शिरेच्या वाटेने द्रावण सोडू शकतो आणि त्याच बैठकीत बायपासही उरकतो. झडप आणि बायपास एकत्र केले की जोखीम नुसत्या झडपेपेक्षा जास्त असते, हे खरं. पण न कळलेल्या ब्लॉकेजसह टेबलावर जाण्याची जोखीम त्याहून वाईट.

मग प्रश्न उरतो तो अंदाजाचा. कुणाच्या धमन्यांत अडथळा असेल, हे न बघता ओळखता येतं का?

दादा ज्या खुणेवर भिस्त ठेवतोय, ती म्हणजे छातीत न दुखणं. एरवी ही खूण चांगली आहे. १९७९ साली डायमंड आणि फॉरेस्टर या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी वय, स्त्री की पुरुष आणि छातीतल्या दुखण्याचा प्रकार एवढ्या तीनच गोष्टींवरून धमनीविकाराची शक्यता सांगणारा तक्ता मांडला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं जगभर वापरला गेला. पण तो होता छातीत दुखतंय म्हणून आलेल्या लोकांसाठी. झडपेच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तुझी आई दहा पावलं चालली की धाप लागून थांबते. हृदयाला जास्त रक्त लागेल, ते पुरणार नाही आणि मग छाती भरून येईल, इथपर्यंत तिची मजल जातच नाही. दुखायच्या आधीच ती बसते. दुखत नाही, यातून धमन्या स्वच्छ आहेत असं सिद्ध होत नाही. ती तेवढी चालत नाही, इतकंच सिद्ध होतं.

याच्या उलटही होतं, आणि हे इतर वाचकांसाठी सांगते. म्हातारपणी महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप, एओर्टिक व्हॉल्व्ह, चुना साचून अरुंद होते. त्या रुग्णांच्या छातीत दुखतं ते कित्येकदा धमन्या ठणठणीत असतानाही. अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड झालेला असतो आणि त्याची भूक भागत नाही. म्हणजे एका झडपेत दुखणं खोटी साक्ष देतं, तर दुसरीत न दुखणं.

बाकीचे साक्षीदारही फितूर होतात. ईसीजी बघावा, तर झडपेमुळे आणि अनियमित ठोक्यांमुळे तो आधीच बिघडलेला. ठोके आवरायला देतात ती डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर तिच्यामुळेही ईसीजीत असे बदल दिसतात की नवशिका डॉक्टर 'ब्लॉकेज' म्हणून बसेल. पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट करावी, तर तुझी आई पळणार कशी? आणि त्रास सुरू झालेल्या गंभीर एओर्टिक रुग्णाला तर पट्ट्यावर चढवूच नये, ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून या रुग्णांसाठी डॉक्टर मागचं आयुष्य चाळतात. वय, पुरुष की स्त्री, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, जवळच्या रक्ताच्या नात्यात कमी वयात आलेला झटका. वेगवेगळ्या देशांत झडपेच्या रुग्णांसाठी म्हणून गुणांचे तक्ते केले गेलेत, त्यांचा मालमसाला साधारण हाच. त्यांचा खरा उपयोग 'हिला ब्लॉकेज आहे' हे सांगण्यासाठी नसतो. 'हिला असण्याची शक्यता इतकी कमी आहे की तार घालायची गरज नाही' हे सांगण्यासाठी असतो. पण युरोपातल्या पंचाहत्तरीच्या, चुना साचलेल्या झडपांच्या म्हाताऱ्यांवरून बांधलेला तक्ता साताऱ्यातल्या सत्तेचाळिशीच्या, सांधेतापाने (तुझ्या आईला लहानपणी सांधे सुजून यायचा तो ताप) झडप गेलेल्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि कुठलाही तक्ता तितकाच खरा, जितकी खरी माहिती त्यात भरली.

इथे मला तुझ्या पत्राकडे परत यायचंय. दादा म्हणतो व्यसन नाही. तूच वर लिहितेस, आई पहाटे मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की गं! आपल्याकडे बायकांची मिश्री कुणी व्यसनात धरत नाही, दात घासणं म्हणून ती खपून जाते. डॉक्टरने 'तंबाखू खाता का?' विचारलं की बाई खरं तेच सांगते, नाही खात. पण हिरड्यांतून निकोटिन रक्तात जायचं ते जातंच. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात धूर न काढता नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट ॲटॅकची शक्यता दुपटीच्या आसपास दिसली होती. मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात मिश्रीचा रकाना नाही.

दुसरं, पिशवी. मासिक पाळी चालू असेपर्यंत बाईच्या धमन्यांना संप्रेरकांचं थोडं संरक्षण असतं. म्हणूनच अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या हृदयरोग संघटना झडपेच्या ऑपरेशनआधी धमन्या तपासायला सांगतात ते चाळिशीपुढच्या पुरुषांच्या आणि पाळी गेलेल्या बायकांच्या. (धोक्याची दुसरी काही खूण असेल तर त्याहून तरुण माणसांच्याही.) आता तुझी आई कोणत्या रांगेत? वय ४७ बघून कुणीही म्हणेल, अजून पाळी गेली नसेल. पण पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर त्या संरक्षणाविना तिची १२ वर्षं गेली. नुसती पिशवी काढली असेल, तर पाळी जायची वेळ कधी आली हे पाळीवरून कळायला मार्ग नाही. आपल्या खेड्यापाड्यांत इतक्या बायकांच्या पिशव्या इतक्या लवकर काढल्या गेल्यात, आणि काय काढलं हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, याचा मला आजही राग येतो. असो. जुन्या डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असेल. कार्ड पत्र्याच्या पेटीत सापडलं तर सोबत घे, नाही सापडलं तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का ते कळू शकतं.

तिसरं, मामा. तू त्यांचं जाणं दुःख म्हणून लिहिलंस, आजार म्हणून नाही. साहजिक आहे. पण तुझे मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. ४९ व्या वर्षी झोपेत गेलेला धडधाकट माणूस म्हटला की हृदयाचा झटका हा पहिला संशय. पुरुष नातेवाइकाला पंचावन्नच्या आत झटका आला तर तो घराण्याचा धोका धरतात, आणि आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाचसहा वर्षं लवकर येतो हेही त्याच इंटरहार्टमधून पुढे आलं. मामांचं शवविच्छेदन झालं नसेल तर नक्की काही म्हणता येणार नाही. डॉक्टरला मात्र सांगायलाच हवं.

म्हणजे दादाच्या मते जी बाई 'काहीच नाही' अशी आहे, तिच्या नावापुढे तीन खुणा आहेत. एवढं सगळं लिहूनही तुला खरं सांगते, अँजिओग्राफी केली तर ती बहुधा नॉर्मल येईल. सांधेतापाने मायट्रल झडप आकसलेल्या बायकांमध्ये धमन्यांचा विकार एओर्टिकच्या म्हाताऱ्या रुग्णांपेक्षा बराच कमी आढळतो. नॉर्मल आली की घरात कुणीतरी म्हणेल, 'बघा, पैसे वाया गेले.' त्या वेळी तू त्यांना विचार, सर्जनला निर्धास्तपणे हृदय थांबवता आलं ते फुकट गेलं का?

आता मार्ग कोणते ते बघू. एक सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून औषध देऊन स्कॅन काढतात, धमनीत तार जात नाही. धोका कमी ते मध्यम असलेल्यांसाठी हा मान्य झालेला पर्याय आहे आणि तो विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. स्वच्छ आली तर काम तिथेच संपतं. अडचण आईच्या ठोक्यांची. अनियमित ठोक्यांमुळे चित्र हलतं, जसा पळत्या लेकराचा फोटो. नव्या मशीनवर बऱ्यापैकी जमतं, पण धूसर आलं तर पुन्हा तारेची अँजिओग्राफी करावीच लागेल, म्हणजे खर्च दोनदा आणि औषधाचा भार मूत्रपिंडावर दोनदा. तुमच्या डॉक्टरांनी थेट तारेची सांगितली ती बहुधा यामुळे. पण त्यांच्या तोंडून ऐक.

दुसरा मार्ग तारेचा. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी धमनीच्या तोंडापर्यंत नेऊन औषध सोडतात. अर्धा तास, भूल फक्त टोचलेल्या जागी. गंभीर गुंतागुंत शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होते. धोका शून्य मात्र नाही. गंमत सांगते, ही तपासणी जन्मली तीच झडपेच्या एका रुग्णावर. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुणाच्या महाधमनीत औषध सोडून फोटो काढणार होते, तेवढ्यात नळी घसरून उजव्या करोनरी धमनीत शिरली आणि औषध तिथेच गेलं. त्या काळी समज असा की याने माणूस दगावतो. त्या तरुणाचं हृदय क्षणभर थांबलं, त्याला खोकायला लावलं आणि ते पुन्हा चालू झालं. अपघाताने का होईना, धमनीच्या आत डोकावायची खिडकी उघडली.

तिसरा मार्ग, काहीच न करणं. पंचविशी-तिशीतली मुलगी, पाळी नियमित, तंबाखू नाही, घराण्यात कुणाला काही नाही, सांधेतापाने झडप गेलेली, अशी कुणी मला विचारती तर मीच डॉक्टरांना म्हटलं असतं, अँजिओग्राफी खरंच हवी का ते पुन्हा बघा. तुझ्या आईच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही.

तारेची करायची ठरली तर काही गोष्टी आधी बोलून घे. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं) तपासलंय का? रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, की चालूच ठेवायची? हे मनाने करू नका. तिच्या झडपेत आणि ठोक्यांत गुठळी होण्याचा धोका मोठा आहे, शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून गोळी बंद केली आणि पक्षाघात झाला, असे रुग्ण मी पाहिलेत. मनगटातून करणार का, हे विचार. औषधाची ॲलर्जी, आधी कुठल्या स्कॅनला अंगावर पित्त उठलं असेल, तर सांग.

आणि संमतीपत्र. अँजिओग्राफी म्हणजे अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून आत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवणं) नव्हे, हे घरात सगळ्यांना समजावून सांग. दादाची खरी भीती कदाचित हीच असेल, की टेबलावर घेतील आणि बाहेर येऊन म्हणतील, 'ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकावा लागेल, सही करा.' झडपेच्या ऑपरेशनला निघालेल्या रुग्णाला एरवी तसं घाईने करत नाहीत. स्टेंट टाकला की गुठळी होऊ नये म्हणून दोन-दोन गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि मोठं ऑपरेशन अडचणीत येतं. मुख्य धमन्यांत सत्तर टक्क्यांपुढे, किंवा डाव्या मूळ धमनीत पन्नास टक्क्यांपुढे अडथळा निघाला, तर तो सर्जनपुढे ठेवून झडपेबरोबर बायपासचा विचार होतो. मधलंअधलं काही निघालं तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी बसून ठरवायचं. तेव्हा 'फक्त अँजिओग्राफी, पुढचं काहीही आमच्याशी आणि सर्जनशी बोलून' असं आधीच सांग आणि फॉर्मवर लिहायला लाव. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडीही माग. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर तीच लागते, कागदावरच्या टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष चित्र बघून मत देणं बरं.

खर्चाचं थोडक्यात. झडप बदलणं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती आणि मदत देणारा माणूस) गाठ आणि अँजिओग्राफीचा खर्च त्यात धरतात का, हे तपासणीच्या आधी विचार. बिल झाल्यावर नको. योजनेत नसलेल्या ठिकाणी तपासणी करून मग योजनेतल्या ठिकाणी ऑपरेशन, अशी कसरत लोक करतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

पत्रात एक गोष्ट मला कुठे दिसली नाही. दादाचं म्हणणं आहे, तुझी काळजी आहे, डॉक्टरांचा सल्ला आहे. आईला काय वाटतं? 'खर्च नको' हे तिचं मत नव्हे, ती सवय आहे. तिला एकटीला घेऊन बस. ऑपरेशन कशाचं आहे, तपासणी कशासाठी, हे तुझ्या शब्दांत सांग. आणि मामांबद्दल विचार. त्या रात्री आधी त्यांना घाम फुटला होता का, अपचन झालंय म्हणाले होते का, डावा हात चोळत होते का? भावाच्या शेवटच्या दिवसाबद्दल बहिणीला जे आठवतं ते वहिनीला आठवत नसतं. रडेल थोडी. रडू दे.

मिश्रीची डबी फेकून देऊ नकोस, ती दुसरी आणेल. सोडायला वेळ लागेल, पण ऑपरेशन ठरलंय हे निमित्त चांगलं आहे. शिवाय नवी झडप बसवण्याआधी दात आणि हिरड्या दाखवून घ्याव्याच लागतात, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. दातांच्या डॉक्टरने हिरड्या बघून मिश्रीबद्दल दोन शब्द सुनावले तर ते तुझ्यापेक्षा जास्त लागतील.

तपासणी मनगटातून झाली तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतील. हातावर सूज, रक्त किंवा बोटं गार पडलेली दिसली तर लगेच परत न्यायचं. एरवी दोन-तीन दिवस त्या हाताने बादली उचलायची नाही, भाकऱ्या थापायच्या नाहीत. तेवढे दिवस दादाने थापल्या तर बिघडणार नाही, वातड झाल्या तरी आई खाईल.